श्यामची आई : एक पुस्तक, दोन चित्रपट आणि माझं परत आलेलं प्रकरण

अबोली_पेडणे

नमस्कार मंडळी. एम.ए. मराठीच्या लघुप्रबंधात अडकले आहे, जाणकारांनी थोडी मदत करावी.

विषय मीच मागून घेतला होता. साने गुरुजींचं 'श्यामची आई' आणि त्यावरचे दोन चित्रपट, एक आचार्य अत्र्यांचा १९५३चा आणि दुसरा सुजय डहाके यांचा २०२३चा. एकच पुस्तक आणि मध्ये सत्तर वर्षं. मला वाटलं होतं, यापेक्षा सोपा विषय नाही. पुस्तक तर मला पाठ असल्यासारखं आहे. चौथीत असताना आमच्या बाई शनिवारी शेवटच्या तासाला त्यातली एकेक रात्र वाचून दाखवायच्या. तास संपल्याची घंटा झाली तरी आम्ही दप्तरं भरत नसू.

तर मी कामाला लागले. पणजीला पाटोच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात महिनाभर बसले. पेडण्याहून सकाळची बस धरायची, संध्याकाळी परत. एका वहीत तीन रकाने आखले: पुस्तकात काय आहे, अत्र्यांनी काय केलं, डहाक्यांनी काय केलं. कुठला प्रसंग घेतला, कुठला गाळला, कुठला पुढे-मागे केला. एकूण सत्तावन्न फरक निघाले. प्रत्येकाखाली दोन-दोन ओळी लिहिल्या आणि ते दुसरं प्रकरण म्हणून दिलं.

मागच्या मंगळवारी ते परत आलं. सरांनी पहिल्या पानावर एक चूक दुरुस्त केली होती, आणि शेवटच्या पानाच्या तळाशी पेन्सिलीने एकच शब्द लिहिला होता: "मग?"

मला राग नाही आला, कारण ते वाचताक्षणी कळलं की माझ्याकडेही उत्तर नाही. सत्तावन्न फरक आहेत, बरं, मग? 'चित्रपटाला वेळेची मर्यादा असते' हे वाक्य मी त्या प्रकरणात नऊ वेळा लिहिलं आहे, आत्ताच मोजलं.

माझा प्रश्न असा की, लिहिलेली गोष्ट पडद्यावर कशी जाते याचा अभ्यास नेमका कशाचा करायचा असतो? मूळ पुस्तकाला चित्रपट किती धरून आहे, एवढंच बघायचं का? की चित्रपट स्वतंत्र मानायचा? मग पुस्तक हातात तरी कशाला घ्यायचं? पुस्तकांची नावं नकोत, ती माझ्याकडे आहेत. तुम्ही कोणी हे काम हाताने केलं असेल तर ते कसं केलंत, ते सांगा. पंधरा दिवसांत प्रकरण परत द्यायचं आहे.

रानवाट_सत्तरी

अबोली, मी मराठीचा विद्यार्थी नव्हे, वाळपईकडे राहतो, बागायती करतो. पण एक सांगावंसं वाटलं.

आपल्याकडे 'पलतडचो मुनिस' झाला, २००९ साली, लक्ष्मीकांत शेटगांवकरांचा. महाबळेश्वर सैलांच्या 'अदृष्ट' या कोंकणी कादंबरीवरचा. टोरांटोच्या महोत्सवात त्याला समीक्षकांचा पुरस्कार मिळाला होता. रानात एकटा राहणारा, बायको गेलेला वनरक्षक, त्याच्या दारात आलेली एक वेडी बाई, आणि त्या दोघांमध्ये पडणारा गाव. मी चित्रपट आधी बघितला आणि कादंबरी नंतर वाचली. उलट्या क्रमाने. त्याचा फायदा असा झाला की वाचताना मला 'हे गाळलं, ते गाळलं' असं वाटलंच नाही. उलट प्रत्येक पानाला वाटायचं, अरे, हे मला तिथे शब्दांवाचून कळलं होतं, ते कशामुळे कळलं होतं?

तर तुला हे करून बघता येईल. २०२३चा चित्रपट अशा माणसासोबत बघ ज्याने पुस्तक वाचलेलं नाही. असा मराठी माणूस मिळणं कठीण, पण तुझ्या वर्गात निघेल एखादा. चित्रपट संपल्यावर त्याला काय काय कळलं ते विचार आणि मग ते पुस्तकात कुठे आहे ते शोध.

मांडवीकाठ

बाय, तुझी वही फुकट गेलेली नाही, ती जपून ठेव. फक्त तू घटना मोजल्यास. आता क्रियापदं बघ.

हे मला कोणी शिकवलं नाही, एका फजितीतून कळलं, म्हणून ती आधी सांगतो.

माझ्या थोरल्या बहिणीची एक कथा दिवाळी अंकात आली होती. चोडणच्या फेरीबोटीवरची. आम्ही चार मित्रांनी तिची बारा मिनिटांची फिल्म करायची ठरवली. ताईची परवानगी घरचीच, कॅमेरा एकाचा, जेवण माझ्या घरचं. पटकथा मी लिहायची होती. कथेची सुरुवात अशी आहे, ताईला विचारून इथे देतो:

"नवरा बोटीवर गेला त्या वर्षापासून काकी रोज सहाच्या फेरीला धक्क्यावर येई. उतरणारी माणसं बघे. शेवटचा माणूस उतरला की पदर सारखा करून घरी जाई."

तीन वाक्यं. आमच्या भागात तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारे, घरोघरी होते, त्यामुळे 'बोटीवर गेला' म्हटलं की पुढचं कोणाला समजावून सांगावं लागत नाही. मला वाटलं, हे तर डोळ्यासमोर दिसतंच आहे, कॅमेरा लावायचा आणि घ्यायचं. म्हणून पटकथेत लिहिलं: 'संध्याकाळ. धक्का. काकी येते, बघते, जाते.' शूट केलं. बघितलं तर एक बाई एका संध्याकाळी धक्क्यावर आली आणि गेली. कोणाची तरी वाट बघत असेल. पाहुणे येणार असतील.

चुकलं काय, ते दोन दिवस कळेना. मग ताईचा कागद पुन्हा वाचला आणि क्रियापदं डोळ्यांत भरली. येई. बघे. जाई. शाळेत शिकलेला रीतिभूतकाळ. मराठीत एक मात्रा, एक वेलांटी बदलली की एका संध्याकाळच्या हजार संध्याकाळी होतात. कॅमेऱ्याला ते येत नाही. त्याला 'आली' येतं, खरं तर 'येते आहे' एवढंच येतं. त्याच्यासमोर जे उभं आहे ते, त्या दिवशीचं, त्या उजेडातलं.

मग मी शहाणपणा केला. तीन संध्याकाळी, तीन साड्या, तीच जागा, तोच कोन. तीन दिवस घालवले. एका दिवशी ढग आले म्हणून उजेड जुळेना. जोडून बघितलं तर ती तीनदा आलेली बाई दिसली. रोज येणारी बाई काही दिसली नाही.

चौथ्या दिवशी काकीचं काम करणाऱ्या बाईंना ताप आला. आम्ही कॅमेरा घेऊन गेलोच होतो, म्हणून नुसती रिकामी फेरी घ्यावी म्हटलं. माणसं उतरली, स्कूटर उतरल्या, चढणारे चढले. फेरीवरचा माणूस रॅम्प उचलायला निघाला आणि मध्येच थांबून त्याने धक्क्यावरच्या त्या दगडाकडे बघितलं, जिथे आमची काकी तीन दिवस बसत होती. आणि आम्हाला विचारलं, "आज काकी येवंक ना?"

फिल्मची सुरुवात आम्हाला तिथे मिळाली. आम्ही त्यालाच विनंती करून दुसऱ्या दिवशी तो थांबण्याचा शॉट पुन्हा घेतला, न बोलता. बोट लागते, माणसं उतरतात, तो रॅम्पपाशी येतो, दगडाकडे बघतो, दगड रिकामा, तो क्षणभर थांबतो आणि मग रॅम्प उचलतो. काकी त्या शॉटमध्ये नाहीच. ती रोज येते हे बघणाऱ्याला ती न आलेल्या दिवशी कळतं. कथेत हे कुठेच नाही. पण 'येई' त्यात आलं.

ताईला दाखवलं. तिने दोनदा बघितलं आणि विचारलं, "पदर सारखा करून, ते कुठे गेलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरंच गेलं होतं ते. तो पदर सारखा करणं म्हणजे रोजची निराशा आवरून चार माणसांत चालू लागणं होतं आणि ते मला कुठेच बसवता आलं नाही. आज सात वर्षं झाली, अजून मनात आहे.

तर तुझ्या कामाचं. पुस्तकातली एक रात्र घे, एकच. झेरॉक्स काढ आणि चार रंगांची पेन्सिल घे. एकदाच घडलं ते एका रंगाने: म्हणाली, गेलो, रडलो. नेहमी घडायचं ते दुसऱ्या रंगाने: म्हणे, जाई, करीत असे. जे घडलं नाही ते तिसऱ्याने: आला नाही, बोलली नाही, माहीत नव्हतं. आणि मनात घडलं ते चौथ्याने: वाटलं, कळलं, लाज वाटली. मग तीच रात्र दोन्ही चित्रपटांत शोध आणि बघ, पहिला रंग सोडून बाकीच्या तीन रंगांचं दिग्दर्शकाने काय केलं. पहिला रंग कोणालाही जमतो. कस लागतो तो उरलेल्या तीन रंगांत.

'श्यामची आई'साठी हे मुद्दाम सांगतो, कारण ते पुस्तक आठवणींचं आहे आणि आठवण मराठीत रीतिभूतकाळातच येते. आई असं म्हणे, आई तसं करी. अख्ख्या बालपणाचा काळ त्या एका प्रत्ययात भरलेला असतो.

आणि अत्र्यांच्या हातात एक हत्यार होतं जे माझ्याकडे नव्हतं: गाणं. 'श्यामची आई' म्हटलं की निम्म्या महाराष्ट्र-गोव्याला 'छडी लागे छमछम' आठवतं. ते पुस्तकात नाही, अत्र्यांनी लिहिलं आणि वसंत देसाईंनी चाल लावली. तू ते गाणं पुन्हा बघ आणि स्वतःला विचार, हे शाळेतल्या एका दिवसाचं वाटतं की सगळ्या दिवसांचं? मला वाटतं, आपल्या चित्रपटांत गाणं पुष्कळदा रीतिभूतकाळाचं काम करतं. गाणं सुरू असताना 'हे कुठल्या दिवशीचं' असं कोणी विचारत नाही. तुझ्या सत्तावन्न फरकांत 'गाणी घातली' ही एक ओळ असणार. त्या ओळीवर अर्धं प्रकरण होईल.

अबोली_पेडणे

मांडवीकाठ भाई, आज ग्रंथालयात तुम्ही सांगितलं तसं केलं. पहिली रात्र निवडली नाही, ती ओळखीची आहे म्हणून हात आपोआप चालेल असं वाटलं. मधली एक घेतली. रंगवल्यावर कागद बघून मी गप्पच झाले. माझ्या तक्त्यात त्या रात्रीच्या नावापुढे मी फक्त 'प्रसंग संक्षिप्त केला' एवढंच लिहिलं होतं आणि इथे अर्ध्याहून जास्त पान दुसऱ्या आणि चौथ्या रंगाचं निघालं. म्हणजे ज्याला मी 'प्रसंग' म्हणत होते तो पानावर चार-पाच ओळींचाच आहे. बाकी सगळं सांगणाऱ्याचं आहे.

तिथेच नवीन अडचण आली. पुस्तकात मोठा झालेला श्याम आश्रमात प्रार्थनेनंतर मित्रांना सांगतो आहे. रात्रीमागून रात्र. आई गेलेली आहे हे त्याला पहिल्या वाक्यापासून माहीत आहे. म्हणून लहान श्यामने आईशी हट्ट केला तरी वाचताना घशात काहीतरी येतं, कारण सांगणाऱ्याच्या आवाजात तो पश्चात्ताप आहे. पडद्यावर लहान मुलगा नुसता हट्ट करताना दिसला तर तो फक्त हट्टी मुलगा दिसेल. मग ते घशातलं आणायचं कुठून?

२०२३च्या चित्रपटात मोठे साने गुरुजी पात्र म्हणून येतात, ओम भूतकरांनी ती भूमिका केली आहे, आणि चित्रपट कृष्णधवल आहे. मी माझ्या तक्त्यात 'चौकट बदलली' आणि 'रंग वापरले नाहीत' असे दोन वेगळे फरक लिहिले होते. आता वाटतं, ते दोन्ही एकाच अडचणीवरचे उपाय असतील का? मी ताणते आहे का?

कात्रण

ताणत नाहीस. आता कुठे तुझा प्रश्न सुरू झाला.

मी निवृत्त शिक्षक, म्हार्दोळला असतो. आयुष्यभर चित्रपट बघत आलो. 'सांगणारा कुठे जातो' यावर माझ्याकडे एक जोडी आहे, ती बघ. विजयदान देथांची एक राजस्थानी कथा. लग्न होतं न होतं तोच नवरा पाच वर्षांसाठी व्यापाराला निघून जातो. वाटेत त्या नवरीवर जीव जडलेलं एक भूत त्याचं रूप घेऊन घरी येतं, पण तिला खरं सांगतं की मी तुझा नवरा नव्हे. ठरवायचं तिने. या कथेवर मणि कौलांनी १९७३ साली 'दुविधा' केला आणि अमोल पालेकरांनी २००५ साली 'पहेली'.

ही मुळात सांगायची गोष्ट. देथांनी लोककथांवर आयुष्य घालवलं, त्यांच्या कथेत कोणीतरी सांगतो आहे हे प्रत्येक वाक्यात जाणवतं. कौलांनी सांगणारा ठेवला, पण त्याला देह दिला नाही. नुसता आवाज. चित्रही मध्येच गोठतं, स्थिर छायाचित्रासारखं, आणि आवाज पुढे जात राहतो. बघताना वाटतं, हे सगळं केव्हाच घडून गेलंय, आपल्या हातात आता काही नाही. पालेकरांनी त्याच सांगणाऱ्याच्या दोन कठपुतळ्या केल्या, नसीरुद्दीन शाह आणि रत्ना पाठक यांच्या आवाजातल्या. त्या गप्पा मारतात, त्यांना या माणसांची काळजी वाटते.

आता शेवट बघ. 'दुविधा'त एक गुराखी भुताला युक्तीने पखालीत, म्हणजे पाण्याच्या चामडी पिशवीत, कोंडतो, ती पखाल विहिरीत जाते आणि ती बाई उरते खऱ्या नवऱ्यासोबत, गप्प. 'पहेली'त भूत त्या नवऱ्याच्या देहात शिरून तिच्याकडे परत येतं. माणसं म्हणतात, एक कलात्मक आणि एक लोकप्रिय, म्हणून शेवट वेगळे. तेवढ्यावर थांबू नये. ज्या चित्रपटात सांगणाऱ्याला माणसांची काळजी आहे, त्याला ती पखाल विहिरीत टाकवलीच नसती. ज्याने सुरुवातीपासून सगळं गोठवून ठेवलं, त्याला तिची सुटका करता आली नसती. सांगणाऱ्याचं काय करायचं हे ठरलं, तेव्हाच शेवट अर्धा ठरला होता.

तुझ्या दोन चित्रपटांना हाच प्रश्न विचार. जिथे मोठा माणूस पडद्यावर दिसतो तिथे आपण आईकडे कोणाच्या नजरेतून बघतो? आणि जिथे त्याच्यावाचून मुलगाच समोर असतो तिथे? १९५३मध्ये साने गुरुजींना जाऊन तीनच वर्षं झाली होती. थिएटरातल्या पुष्कळांनी त्यांना बघितलं, ऐकलं होतं. तेव्हाच्या प्रेक्षकाला सांगणारा माणूस वेगळा दाखवावा लागत होता का, याचाही विचार कर. आज तो दाखवावा लागतो. सत्तर वर्षांचा अर्थ मला तिथे दिसतो, तुला कदाचित वेगळा दिसेल.

रानवाट_सत्तरी

कात्रण सर, हे वाचून 'पलतडचो मुनिस'मध्ये रान काय करत होतं ते आत्ता माझ्या लक्षात आलं. धन्यवाद.

अबोली_पेडणे

सर, पखालीवरून माझं अख्खं तिसरं प्रकरण उभं राहिलं. मनापासून आभार.

आणखी एक विचारते. मांडवीकाठ भाई, तुमच्या फेरीवरून मलाही वाटू लागलं की एखादी रात्र स्वतः पटकथेत उतरवून बघावी आणि परिशिष्टात द्यावी. जमलं तर पाच मिनिटांचं शूटही. आमच्याकडे जुनं घर आहे, विहीर आहे, आजीही तयार आहे. हक्कांचं काही लागतं का?

कात्रण

'श्यामची आई'ला लागत नाही. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे २०१०च्या अखेरीला तो संपला. पण चित्रपटातलं गाणं, संवाद, दृश्यं यांतलं काही उचलू नकोस, त्यांचा हिशेब वेगळा. आणि उद्या कोणी म्हणेल, आपल्या शेजारच्या सिंधुदुर्गातल्या चिं. त्र्यं. खानोलकरांची कथा घेऊ, तर ते १९७६ साली गेले, २०३६ संपेपर्यंत घरच्यांची लेखी परवानगी घ्यावी लागेल. विद्यार्थ्यांची फिल्म असली तरी पत्र पाठवावं. लेखकाच्या घरी असं पत्र गेलं की त्यांना बरं वाटतं, हा माझा अनुभव.

मांडवीकाठ

शूट जरूर कर. पटकथा लिहिताना पानाला साधारण एक मिनिट धर, म्हणजे पाच पानांच्या वर जाऊ नकोस. आणि पहिला मसुदा संवादांशिवाय लिही. 'श्यामची आई'त आई बोलते फार सुंदर, त्यामुळे मोह होतो तिची वाक्यं जशीच्या तशी घ्यायचा. ती शेवटी घाल. आधी आजीला विहिरीवर नुसतं काम करू दे आणि तू बघत बस, कॅमेरा न लावता, दोन-तीन सकाळी. ती रोज काय करते ते तिला विचारू नकोस, तिला ते सांगता येणार नाही. दोर कुठे ठेवते, कळशी कुठल्या दगडावर टेकते, तो दगड झिजलाय का, ते बघ.

अबोली_पेडणे

झिजलाय. आत्ता बॅटरी घेऊन बघून आले. कळशीच्या बुडाएवढी गोल खोलगट जागा झाली आहे, तिच्यात पाणी साचलं होतं. आजी विचारते, रात्री विहिरीवर काय शोधतेस.

प्रकरण पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतलं आहे. तक्ता परिशिष्टात टाकते, सत्तावन्नच्या सत्तावन्न ओळी. सरांना पंधरा दिवसांऐवजी महिना मागितला, त्यांनी दिला.